औंढ्याचा धडा

कोजागरी झाली की हिंगोली जिल्ह्यातल्या गावांना पहाटे चारलाच जाग येते. मारुतीच्या नाहीतर विठ्ठलाच्या देवळात काकडा बसतो आणि तो थेट त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत चालतो. भोंग्यातून आधी पेटीचा सूर येतो, मागोमाग टाळ आणि मग नुकताच झोपेतून उठलेला, अजून पुरता मोकळा न झालेला गळा. काकड्याचे अभंग झाले की भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे, पांगळे, जोगी, गौळणी आणि शेवटी आरती. कापूस वेचायला निघालेल्या बाया पाटीत भाकरी ठेवेपर्यंत हे सुरू असते. आजोबांच्या मागे नातू उभा राहतो. आजोबांचा टाळ जिथे पडतो तिथे त्याचा पडू लागतो आणि चार-पाच कार्तिक गेले की त्याला सगळे येत असते. कधी आले, हे त्याला विचारले तर सांगता येणार नाही.

याच महिन्याच्या शुद्ध एकादशीला नामदेव महाराजांची जयंती असते. शके ११९२, म्हणजे सन १२७०. कयाधूच्या काठचे नर्सी हे त्यांचे जन्मगाव, अशी परंपरा आहे आणि हिंगोली जिल्ह्याला बाहेरचे लोक ओळखतात ते औंढा नागनाथ आणि नर्सी या दोन नावांनीच. योगायोग असा की गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांचे हिवाळी सत्रही याच सुमारास, नोव्हेंबर-डिसेंबरात येते. पहाटे काकड्यात टाळ धरणारी मुलगी दुपारी शास्त्राची वही घेऊन थाट, जाती, वादी, संवादी घोकत बसलेली दिसते. एकाच मुलीच्या एकाच दिवसातल्या या दोन गोष्टी. त्यांची एकमेकींशी गाठ मात्र पडत नाही. जयंतीच्या निमित्ताने बोलायचे आहे ते या न पडलेल्या गाठीबद्दल.

एका सत्रात परीक्षकांच्या शेजारी बसण्याचा योग मला आला होता. तालुक्याच्या गावातली शाळा, वर्गात अंथरलेली सतरंजी, खिडकीत ठेवलेल्या मोबाइलवर सुरू असलेला तानपुरा. आठवी-नववीतली एक मुलगी समोर येऊन बसली. राग भूप. थाट कोणता? कल्याण. वर्ज्य स्वर? मध्यम आणि निषाद. जाती? औडव-औडव. वादी गंधार, संवादी धैवत, गानसमय रात्रीचा पहिला प्रहर. सगळे एका दमात, कुठेही न अडखळता. परीक्षक म्हणाले, ‘छान. आता पेटीला हात न लावता मला नुसता गंधार लावून दाखव.’ मुलगी पेटीकडे बघत राहिली. तिचे बोट हवेतल्या हवेत पट्टी शोधत होते. सूर काही निघेना.

परीक्षक जाणते होते. त्यांनी आवाज उतरवून विचारले, ‘गावाकडं काकड्याला जातीस का गं?’ मान डोलली. ‘मग म्हण बरं एखादी भूपाळी.’ आणि त्या पोरीने डोळे मिटून मोकळ्या गळ्याने भूपाळी धरली. स्वर तेच पाच. गंधारही आला, अगदी जागच्या जागी. पण चाल पुन्हा पुन्हा वर जाऊन धैवतावर टेकत होती, तिथून पंचमावर उतरत होती आणि गंधाराला नुसती शिवून पुढे जात होती. परीक्षक हसले. ‘बाळा, हा भूप नाही. स्वर भूपाचेच आहेत, पण तुझा मुक्काम धैवतावर आहे. हा देशकार.’ मग त्यांनी तेच स्वर एकदा गंधारावर थांबत गाऊन दाखवले आणि एकदा धैवतावर थांबत. पहिल्या खेपेला खोलीत संध्याकाळ झाली, दुसऱ्या खेपेला उजाडले. तीन-चार मिनिटांचा खेळ. मुलीने मान वर केली तेव्हा तिच्या डोळ्यांत काहीतरी हललेले स्पष्ट दिसले. वादी स्वराची व्याख्या तिला कधीपासूनच पाठ होती. वादी म्हणजे काय, हे तिला त्या सकाळी कळले.

भूप आणि देशकार ही जोडी संगीताच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. दोघांचे स्वर एकच, सा रे ग प ध. एक कल्याण थाटातला, दुसरा बिलावल थाटातला. एकाचा वादी गंधार तर दुसऱ्याचा धैवत. एकाची वेळ रात्रीची, दुसऱ्याची सकाळची. पुस्तकात मध्ये उभी रेघ मारून दोन्ही बाजूंना हे लिहिलेले असते, आणि मुले ती रेघसुद्धा पट्टीने आखून पाठ करतात. पण भूप रात्रीचा, तर मग भूपाळी पहाटे कशी, हा प्रश्न त्यांना पडत नाही. खरे तर या जिल्ह्यात संगीत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला तो पहिल्या वर्षीच पडायला हवा. पडत नाही याचे कारण, काकडा हेही संगीतच आहे असे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. संगीत म्हणजे क्लासमध्ये बुधवारी आणि शनिवारी शिकतात ते. देवळातले ते भजन.

हा प्रश्न पडला असता तर उत्तर शोधायला मूल देवळातच गेले असते. भूपाळी हे एका प्रकारच्या गाण्याचे नाव. तिची चाल गावागणिक वेगळी. एखादी भूपाच्या बाजूने झुकते, एखादी देशकाराच्या, एखादीत मध्यमही येऊन बसलेला असतो. कोणती कुठे झुकते हे ऐकून ठरवावे लागते आणि ऐकताना वादी, न्यास, अंग हे वहीतले शब्द पहिल्यांदाच कामाला येतात. शास्त्राचा जन्म झाला तोच मुळी अशा ऐकण्यातून.

परीक्षेच्या भाषेत हे दोन विभाग आहेत, ‘शास्त्र’ आणि ‘क्रियात्मक’. आपल्या जुन्या ग्रंथकारांची जोडी याहून नेमकी होती: लक्ष्य आणि लक्षण. जे प्रत्यक्ष गायले-वाजवले जाते ते लक्ष्य. त्याची खूण सांगणारे वर्णन म्हणजे लक्षण. खूण सांगायची तर ती वस्तू आधी डोळ्यांसमोर हवी. आपण पोरांना खुणा देतो आणि वस्तू पुढच्या वर्षावर टाकतो.

नामदेवांच्या चरित्रातली एक कथा इथे आठवल्यावाचून राहत नाही, कारण तिचा शेवट याच जिल्ह्यात झाला. संतांचा मेळा जमलेला असताना मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारत मडकी तपासायला सुरुवात केली. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले. गोरोबांनी निकाल दिला: हे मडके कच्चे. ज्यांच्या कीर्तनात पांडुरंग नाचतो असे लोक म्हणत, त्या नामदेवांचे मडके कच्चे! कथा सांगते की पुढे ते औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे आले. बघतात तो म्हातारा देवळात पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. नामदेवांनी हटकले तेव्हा विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलतात, ठेवतात, आणि जिथे ठेवावेत तिथे पिंड उभी राहते.

कीर्तनकार ही कथा भक्ती आणि ज्ञान यांच्या अंगाने सांगतात, ते योग्यच आहे. संगीत शिकवणाऱ्याने तिच्यातल्या आणखी दोन गोष्टींकडे बघावे असे मला वाटते. एक, इतके गाऊनही नामदेवांना शिकायला यावे लागले. नुसत्या सवयीवर, गोड गळ्यावर आणि लोकांच्या वाहवेवर मडके भाजून निघत नाही. आणि दुसरी, विसोबांनी शिकवले कसे? त्यांनी अद्वैताची व्याख्या सांगितली नाही. एक अवघड काम हातात दिले. पायांचे ओझे नामदेवांच्या हातांना लागले, पुन्हा पुन्हा लागले आणि त्या हातांनीच त्यांना जे समजायचे ते समजले. सिद्धान्त सर्वांत मोठा, पण दिला गेला तो कृतीतून. गंधारावर आणि धैवतावर थांबून दाखवणाऱ्या त्या परीक्षकांनी याहून वेगळे काय केले?

मराठवाड्यात शास्त्राला कमी लेखण्याची गरजच नाही. उलट, आपला हक्क आहे त्याच्यावर. भारतीय संगीतातला सर्वांत मान्य ग्रंथ, ‘संगीतरत्नाकर’, देवगिरीला लिहिला गेला. यादव राजा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेव हिशेबाचे खाते सांभाळत. घराणे मूळ काश्मीरचे, आजोबा दक्षिणेत आलेले. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी सात अध्यायांत स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य असा सारा पसारा मांडला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात नर्सीला नामदेव जन्मले. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही संगीतपरंपरा ज्याला प्रमाण मानतात तो ग्रंथ आणि महाराष्ट्राला उभे राहून गायला लावणारे कीर्तन, ही दोन्ही एकाच मातीत, एकाच शतकात उगवली. आज त्या मातीतल्या मुलांना ती दोन परक्या गावची वाटावीत, याचे वाईट वाटते.

शार्ङ्गदेव टेबलाशी बसून लिहिणारे पंडित असतील असे ज्यांना वाटते त्यांनी त्यांची गायकाच्या दोषांची यादी वाचावी. पंचवीस दोष मोजले आहेत. दात आवळून गाणारा, घाबरत गाणारा, तोंड वासून गाणारा, कावळ्यासारखा कर्कश, गालांचा भोपळा फुगवणारा, मान वाकडी करणारा, गळ्याच्या शिरा ताणणारा, डोळे मिटून घेणारा, नाकात गाणारा, लक्ष नसताना गाणारा. शेकडो बैठका जवळ बसून बघितल्याशिवाय अशी यादी कागदावर उतरत नाही. आणि बावीस श्रुती सांगताना त्यांनी वाचकाच्या हाती काय दिले? प्रत्येकी बावीस तारांच्या दोन वीणा. एक तशीच ठेवायची, दुसरीच्या तारा पायरीपायरीने उतरवत जायच्या आणि कोणता स्वर कुणाशी जुळतो ते कानाने पडताळायचे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सांगितलेल्या प्रयोगाचाच हा पुढचा पाठ. ग्रंथातला सर्वांत अमूर्त भाग वाद्य हातात घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही.

मग शास्त्र म्हणजे पाठांतर, हे समीकरण आपल्याकडे आले कुठून? दोष पलुस्करांवर आणि भातखंड्यांवर टाकण्याची एक रीत आहे. ती मला अन्यायाची वाटते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले तेव्हा गाणे शिकायचे म्हणजे उस्तादाची मर्जी सांभाळत वर्षे काढायची आणि घरंदाज मुलींनी तर त्याचे नावही काढायचे नाही, असा काळ होता. क्रमवार अभ्यास, छापील पुस्तक, ठरलेली परीक्षा यांनी ते दार उघडले. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या मंडळाच्या परीक्षांमुळेच आज कळमनुरीतली किंवा सेनगावातली मुलगी सतरंजीवर बसून भूप गाऊ शकते. हे विसरून परीक्षांना नावे ठेवणे मला जमणार नाही.

भातखंडे तर पेशाने वकील. गावोगाव हिंडून, गवयांच्या विनवण्या करून त्यांनी बंदिशी गोळा केल्या आणि त्या हिंडण्यातून राग आणि थाट यांची मांडणी केली. १९१० साली आलेल्या आपल्या संस्कृत ग्रंथाचे नाव त्यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ ठेवले. लक्षणे सांगणाऱ्या ग्रंथाच्या नावातच त्यांनी लक्ष्य घातले, ते उगाच नाही. जुन्या पोथ्यांत काय आहे यापेक्षा आज काय गायले जाते, हे त्यांच्या मांडणीच्या केंद्रस्थानी होते. आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हे त्यांचे मराठी ग्रंथ ज्यांनी उघडून पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की ते गुरू-शिष्यांच्या संवादात लिहिलेले आहेत. शिष्य शंका काढतो, आडवे प्रश्न विचारतो, गुरू समजावतो. पुढे गाईडे निघाली. त्या संवादातले प्रश्न गळून गेले आणि उत्तरे तेवढी राहिली.

एक उदाहरण सांगतो. लेखी पेपरात हमखास येणारा प्रश्न म्हणजे पलुस्कर आणि भातखंडे स्वरलेखन पद्धतींची तुलना. भातखंडे पद्धतीत मंद्र सप्तकाच्या स्वराखाली टिंब देतात, तारसप्तकाच्या स्वरावर टिंब. पलुस्कर पद्धतीत मंद्राचे टिंब स्वराच्या डोक्यावर जाते आणि तारसप्तकाला उभी रेघ येते. मुले हे सारे बिनचूक लिहितात, आठ-दहा गुण मिळवतात. पण ऐकलेली चाल यांपैकी कोणत्याही एका पद्धतीत कागदावर उतरवून आण, असे त्यांना वर्षभरात कुणी सांगितलेले नसते. स्वरलेखन ही लिपी आहे. लिपीची तुलना येते आणि लिहिता येत नाही, अशी आपण मुले घडवतो. आपल्या आजीची गौळण एकदा लिहायला बसलेल्या मुलीला टिंब वर द्यायचे की खाली, हे पाठ करावे लागणार नाही. आजी एका जागी सूर किंचित खेचते, तो कागदावर कसा दाखवायचा, हा प्रश्न ती गुरुजींना विचारील. गुरुजींनाही कदाचित पटकन सांगता येणार नाही. त्या दिवशी क्लासात शास्त्र शिकवले गेले असे समजावे.

शास्त्र आणि क्रिया एकत्र कशी नांदतात हे बघायचे असेल तर मृदंग शिकवणाऱ्याकडे जावे. तिथे पोराला पहिले काही महिने पखवाजाला हात लावू देत नाहीत. मांडीवर हाताने ताल धरायचा आणि तोंडाने बोल म्हणायचे. बोल म्हणताना मात्रा चुकली की गुरू तिथेच थांबवतो. बोल ही त्या विद्येची लिपीही आहे, व्याकरणही आहे आणि वादनही आहे. तीन वेगळे तास नाहीत. मग एके दिवशी तो पखवाजावर बसतो. कणीक भिजवून डाव्या पुडीवर लावतो, थाप मारतो, ऐकतो, चिमूटभर काढतो, पुन्हा थाप मारतो. किती कणीक लावायची याचे माप कुठे लिहिलेले नाही. थंडीच्या पहाटे वेगळी लागते, वैशाखातल्या सप्ताहात वेगळी. ताणलेल्या चामड्यावर वजन वाढले की कंप मंदावतो आणि सूर उतरतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम त्याच्या बोटांत आहे, तोंडात नाही.

आणि पदार्थविज्ञानालाही या पुड्यांनी कोड्यात टाकले होते. नुसत्या ताणलेल्या पुडीतून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून साध्या ढोलाला ठाम सूर नसतो. मृदंगाला आणि तबल्याला तो कसा मिळतो? चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात आपल्या सहकाऱ्यासह दाखवून दिले की मधोमध भरलेल्या शाईमुळे ते उपस्वर हारमोनिक होतात, पटीत येतात. शाई भरणारे कारागीर शतकानुशतके जे करत आले होते, त्याचे हे लक्षण. हिंगोलीच्या कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या मुलांना कंपनाचा धडा शिकवताना गावचा मृदंग वर्गात आणला तर काय होईल? विज्ञानाच्या मास्तरांना आणि मृदंगवाल्यालाही एकमेकांकडून काही मिळेल, असा माझा भरवसा आहे.

पण काकड्याच्या, कीर्तनाच्या बाजूला सगळे पुरेसे आहे असे म्हणणे ही दुसरी फसवणूक ठरेल. सप्ताहाच्या पत्रिका बघा. गायनाचार्य म्हणून पाच नावे, मृदंगाचार्य म्हणून तीन. गाव प्रेमाने ही बिरुदे देते. त्यातले काही खरोखर मेहनतीचे असतात. आळंदीला जोगमहाराजांनी १९१७ साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत राहून आलेले असतात. पण अनेकांना आपण लावलेली चाल कोणत्या रागाची, हे ठाऊक नसते आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे गळ्याची. काळी पाचशिवाय गायचे नाही, अशी एक ईर्षा अलीकडे वाढली आहे. तेरा-चौदा वर्षांचा पोरगा, आवाज फुटायला लागलेला, समोर चार भोंगे, आणि तो शिरा ताणून वरच्या षड्जावर उभा. शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात दोष म्हणून लिहिलेली गोष्ट आपण टाळ्या देऊन वाढवतो. पोराचा आवाज दोन वर्षांत बसतो आणि मग लोक म्हणतात, देवाने दिलेले देवाने नेले. देवाने नेलेले नसते. त्याला दोन पट्ट्या खाली गायला लावणारे कुणी भेटले नाही, एवढेच. गळा बदलत असताना काय जपायचे, श्वास कुठून घ्यायचा, हेसुद्धा संगीताचे शास्त्रच. लेखी पेपरात ते येत नाही आणि मंडपात ते कुणी विचारत नाही.

नामदेवांना असा एकांगीपणा मान्य झाला नसता असे मला त्यांच्याच नावावरच्या एका अभंगावरून वाटते. त्यात ते आधी सांगतात की अभंगाची कळा आपल्याला अवगत नाही, आणि पुढे चरण किती, अक्षरे कशी मोजायची, हेही सांगतात. जो आयुष्यभर गात राहिला त्याला मोजमापाचा तिटकारा नव्हता. आणि त्यांची पदे पंजाबात जपली गेली तीही कशी? १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात आणि पुढे गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि ती रागवार लावलेली आहेत. आसा, धनासरी, टोडी, बिलावल, सारंग, मल्हार, प्रभाती अशा १८ रागांच्या मथळ्यांखाली. पद कशात गायचे ते पदाच्या आधी लिहिलेले. इथून जवळच नांदेडला, सचखंड हुजूर साहिबात, आजही रागी ती वाणी गातात. जन्मगावच्या काकड्यात मात्र त्याच नामदेवांचा अभंग कोणत्या रागाच्या चालीत म्हणतो आहोत, हे आपण आपल्या पोरांना सांगत नाही. रागाचे नाव कळले म्हणजे भक्ती कमी होते, अशी भीती कुणाला असेल तर त्याने एकदा नांदेडला जाऊन यावे.

दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून क्लासांत गर्दी झाली आहे. गुणांसाठी आलेले मूलही गाण्यात रमू शकते, त्यामुळे त्या गर्दीला मी वाईट म्हणणार नाही. पण गुणांची घाई असली की सर्वांत आधी ऐकणे कापले जाते. ऐकण्याला गुण नाहीत. एका वर्षात दोन परीक्षा उरकायच्या, त्यासाठी रागांची माहिती झेरॉक्सवर वाटायची, पेटीच्या पट्ट्यांवर बोटे बसवायची. त्या मुलीला गंधार का लावता आला नाही, तर तो तिला पट्टी म्हणून भेटला होता, सूर म्हणून नाही. पेटीचा गंधार तसाही किंचित चढा असतो. तानपुऱ्याची खर्जाची तार नीट मिळाली की तिच्यातून आपोआप एक गंधार ऐकू येतो, जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो याहून जरा उतरलेला आणि विलक्षण शांत. तो ऐकल्यावर वादी स्वर म्हणून गंधाराचे नाव लिहिताना हात वेगळा चालतो.

जिल्हा परिषदेच्या शाळांत संगीताचा वेगळा शिक्षक बहुधा नसतोच आणि तो लवकर मिळेल अशी आशाही मी दाखवणार नाही. पण परिपाठ रोज होतो. पेटी बऱ्याच शाळांत आहे. गावात भजनी मंडळ आहे, त्यात एक तरी विणेकरी असा असतो ज्याच्या गळ्यात शंभर चाली आहेत. अशोक दा. रानड्यांसारख्या अभ्यासकाने भक्तिसंगीताला कलासंगीताच्या शेजारी स्वतःची कोटी दिली, त्यालाही आता किती तरी वर्षे झाली. तरी आमच्या क्लासाच्या दारात विणेकऱ्याला अजून बोलावणे गेलेले नाही. नांदेडच्या विद्यापीठाच्या महाविद्यालयांत बी. ए.ला संगीत शिकणाऱ्यांना प्रकल्प करावा लागतो. औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि हिंगोली या पाच तालुक्यांतल्या काकड्याच्या चाली ऐकून, लिहून, त्यांची अंगे ओळखून मांडायला किती विद्यार्थी लागतील? वीस लागतील, एक कार्तिक लागेल. खर्च एसटीच्या तिकिटाचा आणि देवळातल्या चहाचा. तो चहासुद्धा गाव देईल.

यंदाचा काकडा पौर्णिमेला संपेल. क्लास चालवणाऱ्या गुरुजींनी आणि बाईंनी त्याआधीची एक पहाट आपल्या विद्यार्थ्यांसह देवळात काढावी, एवढी विनंती आहे. वही नेऊ नये. दुसऱ्या दिवशी क्लासात विचारावे, काल चौथी भूपाळी कुठे थांबत होती?

ती मुलगी परीक्षा देऊन उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. बाहेर पुढचा मुलगा तबला घेऊन उभा होता. तिने परीक्षकांना विचारले, ‘सर, मग आमच्या वासुदेवाचा राग कोणता?’ परीक्षकांनी घड्याळाकडे बघितले, मग तिच्याकडे. ‘म्हण,’ ते म्हणाले.